चालत-बोलत समुपदेशन करायचे तर रस्ता आधी बघा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलवर हल्ली ‘वॉक थेरपी’च्या जाहिराती जोरात फिरत आहेत. आठ-दहा माणसे बागेत जमवायची, दोन-चार फेऱ्या मारायच्या, शेवटी टाळ्या वाजवून हसायचे, ग्रुप फोटो काढायचा आणि खाली ‘टेन्शन पळाले’ असे लिहायचे. सकाळी फिरायला जाणे चांगलेच, त्याला कुणाची ना नाही. पण चालता चालता केलेले समुपदेशन हे वेगळे काम आहे. तिथे समोरचा माणूस मनाने खचलेला असतो, त्याने विश्वासाने काही सांगितलेले असते, आणि हे सगळे चार भिंतींबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत चालते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात असे समुपदेशन करणाऱ्यांनी आणि त्यासाठी जाणाऱ्यांनी काय पाहून घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या उपचाराचा गुण बऱ्याच अंशी रस्ता, वेळ आणि चाल यांवर ठरतो, आणि नेमक्या याच तीन गोष्टी कुणी धडपणे ठरवत नाही.

चालल्याने बरे वाटते हे घरोघरी ठाऊक आहे. त्यामागचे कारण मात्र उलगडून सांगायला हवे, कारण रस्ता त्यावरूनच निवडायचा असतो. उदास माणसाच्या डोक्यात एकच विचार घोळत राहतो: माझेच चुकले, माझ्यामुळेच झाले. २०१५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ३८ निरोगी माणसांना ९० मिनिटे चालवले. निम्म्यांना झाडा-गवताच्या भागातून, निम्म्यांना वर्दळीच्या हमरस्त्याच्या कडेने. झाडीतून आलेल्यांचे हे घोळणे कमी झाले आणि त्याच्याशी संबंधित मेंदूच्या भागातली क्रियाही कमी झालेली दिसली. हमरस्त्याने चाललेल्यांत असा बदल आढळला नाही. वेळ तेवढाच, बदलला तो रस्ता. पुढे २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ चाचण्यांचा, १४ हजारांवर लोकांचा एकत्रित आढावा आला. नैराश्यावर चालणे किंवा हळू धावणे, योगासने आणि ताकदीचे व्यायाम यांचा चांगला उपयोग त्यात दिसला. पण हा पुरावा चालण्याचा आहे. समुपदेशक बरोबर चालतो आणि बोलतो, या पद्धतीचे स्वतंत्र अभ्यास अजून थोडे आणि लहान आहेत. पत्रकावर ‘शास्त्राने सिद्ध’ असे छापणाऱ्यांनी हा फरक झाकून ठेवू नये.

दुसरे कारण शेजारी-शेजारी चालण्यात आहे. खोलीत दोघे समोरासमोर बसतात, नजरेला नजर भिडते आणि लाजेची गोष्ट घशातच अडकते. डोक्यावरचे कर्ज, मूल न होणे, नवऱ्याची दारू, तिसऱ्यांदा हुकलेली परीक्षा, हे सगळे बाजूने चालणाऱ्याला सांगायला सोपे जाते. दोघांचीही नजर पुढच्या रस्त्यावर असते. मध्येच कुणी गप्प झाले तरी अवघडायला होत नाही, पाय चालूच असतात. तिसरे कारण उजेड. ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचे एकक) उजेड मिळतो, तर ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार लक्स असतो. सकाळचा हा उजेड झोपेचे वेळापत्रक जागेवर आणायला मदत करतो, म्हणून झोप बिघडलेल्याला सकाळची वेळ द्यावी. याला एक अपवाद आहे आणि तो फार वेळा विसरला जातो. खोल नैराश्यात पहाटेचे मन सर्वांत जड असते, दिवस कलेल तसे ते थोडे सुटते. अशा माणसाला सकाळी सहाला बोलावले की तो पहिल्यांदा कसाबसा येतो आणि मग फोन उचलणे बंद करतो. त्याची सुरुवात संध्याकाळी पाचच्या सुमारास करावी. तीन-चार आठवड्यांनी वेळ हळूहळू सकाळकडे न्यावी.

आता आपल्या भागाचे. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या देशव्यापी पाहणीत असे दिसले की नैराश्य-चिंतेसारखे नेहमीचे मानसिक आजार असलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक उपचाराविना राहतात. कारणे अनेक, पण ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे जाताना कुणी बघितले तर?’ हे आपल्याकडे मोठेच. बेळगाव कितीही वाढले तरी अनगोळच्या माणसाला वडगावात ओळखणारे कुणी ना कुणी निघतेच. चालण्याच्या सत्राला म्हणूनच लोक लवकर तयार होतात, कारण दोन माणसे फिरताना दिसली तर कुणाच्या मनात काही येत नाही. पण अडचणही तिथेच उभी राहते. समोरून ओळखीचे गृहस्थ येतात, थांबतात आणि विचारतात, ‘काय, इकडं कुठं? हे पाहुणे कुठले?’ याचे उत्तर पहिल्या भेटीतच दोघांनी मिळून ठरवलेले असावे. समुपदेशकाने स्वतःहून नमस्कार करायचा नाही, ओळख सांगायची नाही, दोन पावले पुढे जाऊन थांबायचे. काय सांगायचे ते रुग्णाने ठरवायचे, आणि ‘ओळखीचे आहेत’ एवढे पुरते. खोटे नाते जोडू नये. मावसभाऊ म्हटले की ‘कुठल्या मावशीचा?’ हा प्रश्न ठरलेला, आणि सीमाभागात कोल्हापूर-चंदगडपर्यंतची नाती जुळवायला लोकांना दोन मिनिटे पुरतात.

समोरून कुणी पंधरा-वीस पावलांवर आले की बोलणे पावसापाण्यावर आणायचे आणि ते मागे गेल्यावर पुन्हा विषयाकडे यायचे, हेही आधी बोलून ठेवावे. नाहीतर समुपदेशक एकाएकी विषय बदलतो आणि रुग्णाला वाटते, माझ्या बोलण्याचा यांना कंटाळा आला. स्त्री रुग्ण आणि पुरुष समुपदेशक असतील तर शक्यतो स्त्री समुपदेशक द्यावी. ते जमत नसेल तर रुग्णाच्या पसंतीची एक व्यक्ती ऐकू येणार नाही इतक्या अंतराने मागून चालावी. गावगप्पांमुळे उपचार सुटल्याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही.

पहिली भेट मात्र खोलीतच व्हायला हवी, ४५ ते ६० मिनिटांची. आधीचा आजार, घरातली परिस्थिती, चालू गोळ्या, व्यसन, गुडघे, दमा, छातीचे दुखणे सगळे विचारून लिहून घ्यावे. रक्तदाब मोजावा, वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर चालणे रद्द करून आधी डॉक्टरकडे पाठवावे. नैराश्य मोजायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. ती मराठीत आणि कन्नडमध्येही मिळते, गुण शून्य ते २७. दहापासून पुढे मध्यम नैराश्य, २० पासून पुढे तीव्र. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. बेरीज कितीही कमी असली तरी त्या प्रश्नाला शून्याहून जास्त गुण मिळाले तर तिथे थांबून सविस्तर विचारलेच पाहिजे. आत्महत्येचा बेत किंवा साधन मनात तयार असेल तर त्या माणसाला तळ्याकाठी, गडावर किंवा रेल्वेरुळांच्या बाजूला फिरवणे म्हणजे शुद्ध बेजबाबदारपणा आहे; त्याला त्याच दिवशी, घरच्यांना बरोबर घेऊन, मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवावे.

आणखी काहींना चालत समुपदेशन देऊ नये. कानात आवाज येणारे किंवा कुणी पाठलाग करते असे वाटणारे. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस त्यांच्या संशयात भर घालतो. झोपेची गरजच वाटत नाही अशा उन्मादाच्या अवस्थेतले. जेवण तोडून वजन फार उतरलेल्या मुली. त्यांच्यासाठी चालणे हाच आजाराचा भाग असू शकतो. रोजची दारू नुकतीच थांबवलेला माणूस तर मुळीच नाही. पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत भ्रम होऊ शकतो. ‘फिरवून आणा, मन रमेल’ हा सल्ला घरचे त्याच दिवसांत देतात. अत्याचार किंवा अपघाताच्या आठवणी तपशिलात उकलण्याचे काम उघड्यावर करू नये. त्याला बंद दार लागते.

गोळ्यांचा विषय थोडा सविस्तर लिहितो, कारण चूक होते ती इथे. मनाच्या काही गोळ्यांनी बसल्या जागेवरून उठताना रक्तदाब घसरतो. अशा माणसाला बाकावरून उठवून लगेच चालवले की डोळ्यांपुढे अंधारी येते. उठून अर्धा-एक मिनिट उभे राहावे, मग पाऊल टाकावे. रात्री झोपेची गोळी घेणाऱ्याचा तोल पहाटे डळमळतो, त्याला नऊच्या आधी बोलावू नये. काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि ऊन बाधते. पण सर्वांत जपायचे ते लिथियम (मनाच्या टोकाच्या चढ-उतारांवरचे औषध) घेणाऱ्याला. घामाने पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते. त्याहून नेहमीचा घोटाळा असा होतो की, चार दिवस चालून गुडघे दुखतात, माणूस मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणतो, आणि या वेदनाशामकांनीसुद्धा लिथियम वाढते. हात थरथरणे, जुलाब, जीभ जड होणे, चाल अडखळणे ही लक्षणे दिसली तर चालणे बंद करून ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. गुडघेदुखीसाठी काय घ्यायचे ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी चालवू नये आणि खिशात तीन-चार चमचे साखरेची पुडी असू द्यावी.

एक सत्र साधारण ५० मिनिटांचे. पहिली सात-आठ मिनिटे हळू, विषय हलका, श्वास आणि पावले जुळेपर्यंत. मग २५ मिनिटे मुख्य बोलणे. नंतरची दहा मिनिटे परतीची. त्यात नवीन जखम उघडायची नाही. शेवटची पाच-सात मिनिटे बाकावर बसून, पुढच्या आठवड्यात काय करायचे ते ठरवून एका चिठ्ठीवर लिहून द्यायचे. चाल रुग्णाची, समुपदेशकाने स्वतःला आवरायचे. व्यायाम म्हणून चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, असा अंदाज सांगतात. समुपदेशनात गातासुद्धा येईल इतके सावकाश चालावे, म्हणजे ताशी तीन-साडेतीन किलोमीटर. वाक्ये तुटू लागली की वेग जास्त आहे. विषय जड झाला की बहुतेकांची चाल आपोआप मंदावते, काही जण उलट झपाझप चालू लागतात. हे पाहून घेणे हा समुपदेशकाच्या कामाचाच भाग आहे. वाहनांच्या बाजूला समुपदेशकाने राहावे. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर बाजू आधी विचारावी. साधी गोष्ट आहे, पण साठीच्या पुढच्यांच्या बाबतीत अर्धे सत्र ‘आँ? काय म्हणाला?’ यात जाते.

वही घेऊन चालायचे नाही. नोंदी त्याच दिवशी, परत आल्यावर लिहायच्या. मोबाइल दोघांचेही आवाज बंद करून खिशात. एकमेकांच्या संमतीशिवाय रेकॉर्डिंग नाही. रडू आले तर कुठे बसायचे ते आधी ठरलेले असावे; प्रत्येक पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आडोशाची एक जागा हवी. रडणाऱ्याला चालत ठेवू नये, तो खड्डाही पाहत नसतो.

घाबरेपणाचे झटके येणाऱ्यांसाठी मोकळ्यावरचे सत्र खोलीपेक्षा जास्त उपयोगी पडते, पण नीट केले तरच. चालू लागल्यावर छाती धडधडते आणि त्यांना वाटते झटकाच आला. आधी हृदयाची तपासणी झालेली असावी. मग ही धडधड चालण्याची आहे, ती वाढते आणि उतरते, हे त्यांना स्वतः अनुभवू द्यायचे. भीती शून्य ते दहा अशी विचारत राहायची. सात-आठवर गेली की लोक घाईने घर गाठतात आणि पुढच्या खेपेला भीती आणखी वाढलेली असते. तिथेच चाल कमी करून, उभे राहून, आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबावे. बऱ्याचदा दहा ते वीस मिनिटे लागतात, म्हणून अशा सत्राला घड्याळ सैल ठेवावे. गणपत गल्लीच्या गर्दीत न्यायचे असेल तर ते पाचव्या-सहाव्या सत्रात, तेही मंगळवारी दुपारी. सणाच्या आदल्या दिवशी नव्हे. छातीतले दुखणे डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाते आहे, गार घाम सुटला आहे, असे दिसले तर मानसोपचार बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा.

रस्ता कसा असावा? रुंदी दोघांना शेजारी चालता येईल अशी, दीड-दोन मीटर. फेरी एक-दीड किलोमीटरची. मध्येच सोडून घरी जाता येईल अशा दोन-तीन वाटा. उखडलेले पेव्हर ब्लॉक नकोत, बोलताना लक्ष पायांकडे नसते. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोची झाडी यासाठी उत्तम. फक्त सकाळी सहा ते आठ तिथे अर्धे टिळकवाडी ओळखीचे भेटते, तेव्हा वेळ टाळावी. किल्ला तलावाचा काठ दिसायला छान, पण अशोक चौकाकडच्या बाजूला वाहनांच्या हॉर्नमुळे ओरडून बोलावे लागते, आणि ओरडून कुणी मनातले सांगत नाही. कॅम्पातले जुन्या झाडांचे रस्ते शांत आहेत, मात्र लष्करी हद्द आणि तिथल्या सूचना पाळाव्यात. टिळकवाडीत मार्ग आखताना मध्ये रेल्वे गेट येऊ देऊ नका. पहिल्या किंवा दुसऱ्या गेटला गाडी आली की दहा मिनिटे दुचाकींच्या धुरात उभे राहावे लागते आणि बोलण्याचा धागा तुटतो. येळ्ळूरचा राजहंसगड पहिल्या चार-पाच सत्रांना नकोच. चढाला दम लागतो, वर वाऱ्याने शब्द उडतात, रविवारी जत्रा असते.

गावांत सर्वांत चांगली ती पाणंद. कडोली, कंग्राळी, येळ्ळूर, उचगाव कुठेही गाडीवाटेएवढी पाणंद सापडते, वाहने नसतात, शिवार मोकळे दिसते. शेताच्या बांधावरून मात्र सत्र घेऊ नये. एक पुढे, एक मागे, आणि बोलणे पाठीला. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा चपलेला चिकटून पाय मणाचे होतात, तेव्हा पाणंद सोडून देवळाचा मंडप किंवा शाळेचा व्हरांडा बघावा. बूट नसतील तर अडून बसू नये. पट्ट्याच्या चपलेवर वीस मिनिटे आरामात चालता येते. बूट घ्यायला सांगितले की माणूस पगार होईपर्यंत सत्रच पुढे ढकलतो.

खानापूरची गोष्ट वेगळी. ‘फॉरेस्ट थेरपी’ नावाखाली जांबोटी, कणकुंबी, भीमगडच्या बाजूला गट नेण्याची टूम निघाली तर ती वेळीच रोखावी. तिथे अस्वले आहेत, गवे आहेत, हत्ती फिरकतात; खचलेल्या माणसाला सावध राहून चालायला लावण्यात उपचार कसला? शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागात गोचिडीतून पसरणारा माकडताप येऊन गेला आहे. हिवाळा-उन्हाळ्यात जंगलाकडेने चालायचेच असेल तर पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली विजार, आणि घरी आल्यावर काखा, कंबर, गुडघ्यामागे गोचीड बघणे हे करावेच. खानापूर गावात मलप्रभेचा घाट आणि गावालगतचे रस्ते पुरेसे आहेत, पाणी वाढलेले नसताना. आणि शहरातल्यांनीही बेफिकीर राहू नये. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जाधवनगर आणि गोल्फ कोर्सच्या भागात बिबट्या वावरत होता, शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. वनखात्याची सूचना असेल तेव्हा खोलीतच बसावे.

पावसात छत्री घेऊन समुपदेशन होत नाही. दोन छत्र्यांमुळे दोघांत हातभर अंतर पडते आणि छत्रीवरच्या पावसाच्या आवाजात हळू आवाजातले बोलणे ऐकूच येत नाही. जुलै-ऑगस्टची सत्रे आडोशाच्या जागेसह आखावीत. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळचा वळीव गाठतो. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या इमारतीत जावे, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. झाडाखाली तर थांबूच नये. गळीत हंगामात चिकोडी-निपाणी-अथणीच्या रस्त्यांवर उसाच्या जोडट्रॉल्या दिवे-रिफ्लेक्टर नसतानाही धावतात, तेव्हा अंधार पडण्याआधी सत्र संपलेले असावे. तवंदी घाटात हायवेच्या कडेने चालणे कोणत्याही ऋतूत नको. भटकी कुत्री पहाटे टोळीने असतात. पळू नये, खाऊची पिशवी हातात ठेवू नये, आणि चावलेच तर १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन त्याच दिवशी इंजेक्शन घ्यावे.

निपाणीच्या विडी कामगार भगिनींसाठी ५० मिनिटांचा आराखडा जसाच्या तसा लागू करू नये. मजुरी हजार विड्यांवर, तास मोडला की पैसे मोडतात. त्यांना २५ मिनिटांची, आठवड्यातून दोन सत्रे जमतात, सूप बाजूला ठेवायच्या वेळेला. दिवसभर मांडी घालून बसल्याने कंबर आणि गुडघे आखडलेले असतात, म्हणून पहिली पाच मिनिटे उभ्याने पाय मोकळे करण्यात घालवावीत. तंबाखूच्या धुळीचा खोकला-दमा असेल तर वखारींच्या गल्ल्या टाळून मोकळ्या बाजूने न्यावे आणि इनहेलर बरोबर असावा. शेतकरी पुरुष सहसा ‘आम्ही दिवसभर चालतोच की’ म्हणतात. बरोबर आहे. त्यांना चालण्याची नाही, बोलण्याची उणीव असते. त्यांच्याबरोबर औताच्या वेळेनंतर पाणंदीवर पंधरा मिनिटे आणि मग बांधावर बसून बोलणे जास्त लागू पडते.

किती सत्रे? आठवड्याला एक, अशी आठ. मधल्या दिवसांत रुग्णाने एकट्याने तीन वेळा वीस मिनिटे चालायचे. वार आणि वेळ कागदावर लिहून. ‘जमेल तसे’ म्हटले की जमत नाही. चौथ्या सत्राला पीएचक्यू-९ पुन्हा भरावे. पाच गुणांची घट झाली तर खरा फरक आहे, निम्म्यावर आले तर उत्तम. सहा आठवड्यांत आकडा हलला नाही तर आणखी सहा आठवडे चालवत नेऊ नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या आपल्या मनाने सोडणे हे तर सर्रास घडते. गोळी कमी करायची ती डॉक्टरांनी, पायऱ्यापायऱ्यांनी. गटाने चालायचे असेल तर सहा ते आठ जण, पुढे एक आणि शेवटी एक समुपदेशक, आणि गटात कुणी काय सांगितले ते व्हॉट्सअॅपवर येणार नाही असा शब्द प्रत्येकाकडून.

पत्रक पाहून जाणाऱ्यांनी शिक्षण विचारायला लाजू नये. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. परवडत नसेल त्यांच्यासाठी कर्नाटक सरकारच्या ‘मनोचैतन्य’ योजनेत तालुका रुग्णालयांत ठरलेल्या मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात, धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, आणि १४४१६ या टेली-मानसच्या फोनवर मराठीतूनही बोलता येते.

महापालिका आणि ग्रामपंचायतींकडे मागणे मोठे नाही. बऱ्याच बागांना भर दुपारी कुलूप असते. गर्दी नसलेली हीच वेळ सत्रांना सोयीची, तेव्हा तीनपासून तरी फाटक उघडावे. दर दोन-अडीचशे मीटरवर बाक, त्यांतले काही वाटेकडे पाठ करून. बायकांसाठी चालू स्थितीतले स्वच्छतागृह, कारण त्याअभावी त्या पाणी न पिता येतात आणि उन्हात चक्कर येऊन बसतात. बागेतल्या कर्ण्यांवरची गाणी निदान काही तास बंद. संमतीचे आणि माहितीचे कागद मराठी व कन्नड दोन्हींत, सही करणाऱ्याला वाचता येतील असे.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्याला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चे कलम २३ उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देते, आणि कलम २४ नुसार त्याचा फोटो किंवा माहिती संमतीविना माध्यमांकडे देता येत नाही. अशा गटांच्या आयोजकांनी हौसेने पाठवलेले ‘थेरपी वॉक’चे फोटो बातमीबरोबर छापू नयेत, पाठमोरे असले तरी. शहापुरातल्या बाईची पाठ शहापुरात सगळे ओळखतात.

आपले,
मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही समुपदेशक
बेळगाव – खानापूर – निपाणी